फालतू प्रश्न विचारणाऱ्या पोरांच्या बाजूने

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. वंदना होते, ठरलेल्या विषयावर कुणीतरी मांडणी करते, मग चहा. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी चहाच्या वेळी पोरांमध्ये वाद पेटला. विषय संविधानाचा नव्हता, आरक्षणाचाही नव्हता. विषय होता वडापाव.

एकाने विचारले होते, "वडापावातला वडा काढून खाल्ला, तर हातात उरतो तो पाव, की वडा नसलेला वडापाव?" एक म्हणाला, पाव. दुसरा म्हणाला, मधून कापलेला आहे, चटणी लागलेली आहे, हा साधा पाव कसा? तिसरी म्हणाली, मग आधी पाव खाल्ला आणि वडा उरला, तर त्याला पाव नसलेला वडापाव म्हणणार का? आवाज चढले, हसणे सुरू झाले, चहा थंड झाला.

तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस. ते म्हणाले, "समाज जळतोय आणि तुम्हाला वडापाव सुचतो? हे फालतू प्रश्न विहाराच्या बाहेर!" पोरं गप्प झाली. आम्हीही गप्प राहिलो. खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे आम्हाला तेव्हा पटलेच होते. पुढच्या रविवारी चार पोरं कमी आली.

हा लेख त्या चार पोरांच्या बाजूने आहे आणि आमच्या त्या दिवशीच्या गप्प बसण्याच्या विरोधात आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: "समजा असे झाले तर?" हा प्रश्न चळवळीचा वेळ खात नाही. आपली चळवळ याच प्रश्नातून जन्मली. जातीची व्यवस्था लोकांनी "का?" विचारू नये म्हणून जेवढी दक्ष असते, तेवढीच "समजा तसे नसते तर?" विचारू नये म्हणूनही असते. मग हे दुसरे काम आपण आपल्याच विहारात का करावे?

वडापावापासून नागसेनापर्यंत

वडापावाचा प्रश्न ज्यांना पोरकट वाटतो त्यांनी मिलिंदप्रश्न आठवावा. ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद, भिक्खू नागसेनाला भेटायला येतो. नागसेन त्याला विचारतात, राजा, तू पायी आलास की रथातून? रथातून, राजा सांगतो. मग नागसेन एकेक भाग घेतात. आस म्हणजे रथ का? नाही. चाके म्हणजे रथ का? नाही. जू, दांडी, सांगाडा? नाही. मग हे सगळे भाग बाजूला केले तर रथ म्हणून वेगळे काही उरते का? तेही नाही. राजा अडकतो. शेवटी त्याला मान्य करावे लागते की या भागांच्या जोडणीला आपण 'रथ' हे नाव दिले आहे, आत रथ नावाची वेगळी वस्तू लपलेली नाही. माणसाच्या आत कायमचा आत्मा लपलेला नाही, हे नागसेनांना एवढ्या साध्या कोड्यातून सांगायचे होते.

आमच्या पोरांचा वडापाव आणि नागसेनांचा रथ यांत तर्काच्या दृष्टीने फरक काय? नागसेनांना कुणी म्हटले नाही, "राजा दारात उभा आहे आणि तुम्हाला चाके मोजायची सुचतात?"

आता हेच कोडे जातीला लावा. माणसाने धंदा बदलला, गाव सोडले, आडनाव बदलले, भाषा बदलली, खाणे-पिणे बदलले. एकेक भाग काढत जा. काय उरले म्हणजे जात उरली? आणि काय काढले म्हणजे ती संपली?

पंचविशीतले एक गणित

हा प्रश्न आमचा नाही. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांनी तपासल्या, एकेक लक्षण बाजूला केले आणि म्हटले की गाभा एकच आहे: जातीतल्या जातीत लग्न. बाकी सारे त्याच्याभोवती वाढले.

पुढे त्यांनी जे केले ते तर शुद्ध कोडे आहे. समजा, एका गटाला स्वतःला बंदिस्त करायचे आहे. बाहेर लग्न करायचे नाही. मग गटात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया यांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. पण मरण कुणाची जोडी पाहून येत नाही. नवरा आधी मेला, तर एक स्त्री 'जास्त' होते. तिने गटाबाहेर लग्न केले तर कुंपण तुटते. गटातच दुसरे केले तर दुसऱ्या मुलीचा वाटा जातो. मग तिचे काय करायचे? एक तर नवऱ्याबरोबर जाळायचे, नाही तर जन्मभर सक्तीचे वैधव्य लादायचे. बायको आधी मेली, तर एक पुरुष 'जास्त' होतो. पण सत्ता पुरुषाकडे आहे, त्याला कुणी जाळणार नाही. मग त्याने ब्रह्मचारी राहायचे, नाही तर अजून लग्नाच्या वयात न आलेल्या गटातून त्याच्यासाठी मुलगी आणायची.

सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह. धर्माच्या नावाने गौरवल्या गेलेल्या तीन प्रथा. बाबासाहेबांनी त्यांचा उलगडा चार आकड्यांच्या जुळणीतून केला. यात शिव्याशाप नाहीत, घोषणा नाहीत. "समजा एक गट आहे" असे म्हणून गणित शेवटपर्यंत सोडवले आहे. पोरांनो, 'हायपोथेटिकल' म्हणून ज्याची टिंगल होते ते हेच. बाबासाहेबांची पुस्तके कपाटात असतात, पण त्यांची ही रीत आपण किती वापरतो?

मुक्ताचा 'जर', जोतीरावांचा 'मग'

त्याही आधीचे पाहा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता ही मांग समाजातली मुलगी. 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी तिचा निबंध छापून आला. त्यातला तिचा तर्क आमच्या शब्दांत असा: ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, इतरांनी ते पाहायचेसुद्धा नाहीत. ठीक आहे. पण वेद जर त्यांचेच, तर आमच्याकडे धर्माचे पुस्तक नाही. पुस्तक नाही म्हणजे आम्हाला धर्म नाही. मग आमचा धर्म कुठला, ते देवानेच सांगावे! समोरच्याचेच विधान घ्यायचे, ते खरे धरायचे आणि त्याच्याच पायाने चालत त्याला खड्ड्यापर्यंत न्यायचे. तर्कशास्त्राचे एकही पुस्तक हाती नसताना एका शाळकरी मुलीने हे केले.

1873 सालची 'गुलामगिरी' धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात लिहिलेली आहे, हे आपण सांगतो. पण त्यातले प्रश्न किती 'वात्रट' आहेत, हे सांगताना आपल्यालाच लाज वाटते. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले म्हणता ना? मग जिथून मूल जन्मते तिथे विटाळही येत असणार. ब्रह्म्याच्या अवयवांना तो येत होता का? येत होता, तर त्या दिवसांत ब्रह्मदेव कुठे वेगळा बसत होता? आणि इंग्रज ब्रह्म्याच्या कुठल्या अवयवातून जन्मले? त्यांच्यात ब्राह्मण का नाहीत? हे ऐकून हसू येते. ते यावे म्हणूनच प्रश्न तसा विचारला आहे. ज्या गोष्टीवर माणूस एकदा खळखळून हसला, तिच्यापुढे तो पुन्हा मनापासून वाकू शकत नाही. आणि बाबासाहेबांच्या ज्या ग्रंथावरून 1987 नंतर महाराष्ट्र ढवळून निघाला, मोर्चे-प्रतिमोर्चे निघाले, त्याच्या नावातच 'रिडल्स' आहे, म्हणजे कोडी. पहिलेच कोडे किती साधे: हिंदूला विचारा, तू हिंदू का आहेस? आणि बघा तो कसा गोंधळतो.

किती पाणी, किती स्पर्श?

त्या रविवारनंतर आम्ही त्या चार पोरांच्या घरी गेलो. परत या, म्हटले. वर्गात एक नवा नियम केला: चहानंतरचा अर्धा तास फालतू प्रश्नांचा. प्रश्न कुठलाही चालेल, उत्तर मात्र कारणासह हवे. आमच्या ज्येष्ठांनाही बसायची विनंती केली. ते बसले, जरा नाराजीनेच.

पहिल्याच दिवशी बारावीतल्या एका मुलीने विचारले, "समजा बाटणं खरं आहे. तर एका माणसाच्या हाताने जास्तीत जास्त किती लिटर पाणी बाटतं?"

सगळे हसले. मग कागद निघाले. एक जण म्हणाला, घागरभर तर नक्की. मग हौद? मग विहीर? महाडचे चवदार तळे बाटले होते, म्हणजे तळ्याएवढे पाणी तरी बाटते असे धरू. पण मग पावसाळ्यात जादा पाणी ओढ्याला मिळणार, ओढा सावित्री नदीला, आणि सावित्री पुढे समुद्राला. म्हणजे अरबी समुद्र बाटला. त्या समुद्राची वाफ होते, ढग होतात, तेच ढग देवळाच्या कळसावर पडतात. दुसऱ्याने हरकत घेतली: वाहते पाणी शुद्ध होते, असे ते म्हणतील. मुलगी म्हणाली, "चालेल. मग सीमा सांगा. किती लिटरपर्यंत बाटतं आणि किती लिटरपासून बाटत नाही? घागर बाटते, समुद्र बाटत नाही, तर मध्ये कुठेतरी एक तांब्या असा असणार की तो ओतला की बाटणं थांबतं. तो तांब्या दाखवा."

मग पुढचे निघाले. त्याच तळ्यावर गुरे पाणी पीत होती, कुत्री पीत होती, इतर धर्मांचे लोक पाणी भरत होते. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हाच पाण्याला कळले? आणि नंतर ते 'शुद्ध' करायला दही, दूध, शेण, गोमूत्राच्या 108 घागरींचा विधी झाला. एका तळ्याला 108, तर एका ओंजळीला किती? पोरांनी त्रैराशिक मांडले. उत्तर आले नाही, कारण उत्तर असूच शकत नाही.

शेवटी ती मुलगी म्हणाली, "म्हणजे हा पाण्याचा प्रश्न नव्हताच."

आम्ही चवदार तळ्यावर किमान वीस भाषणे दिली असतील. आम्ही केवळ पाण्यासाठी नव्हे, आम्हीही माणसे आहोत हे ठरवण्यासाठी तळ्यावर जात आहोत, हे बाबासाहेबांचे म्हणणे आम्ही त्या पोरांना वीस वेळा ऐकवले होते. पण ऐकलेले आणि स्वतः गणित करून हाती आलेले, यांत फरक असतो. दुसरे कुणी हिरावून घेऊ शकत नाही. तळ्याच्या खटल्यातही शेवटी हेच झाले. प्रथा पुरातन आहे म्हणता, तर ती पुरातन असल्याचे सिद्ध करा, इथे प्रकरण अडले. वादींना ते सिद्ध करता आले नाही आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

चार पत्ते आणि एसटीचा कंडक्टर

आपल्या पोरांच्या मनात एक भीती बसवलेली आहे: "बुद्धिमत्ता चाचणी आपल्याला जमत नाही." स्पर्धा परीक्षेच्या पेपरमध्ये ती दिसली की हात गार पडतात. ही भीती घालवायला आम्ही वर्गात एक जुने कोडे मांडले. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ते 1966 साली मांडले होते.

टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसते ते असे: अ, क, 4, 7. नियम सांगितला आहे: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे तपासायला कुठले पत्ते उलटावे लागतील? लेख वाचता वाचता थांबा आणि ठरवा.

वर्गात जवळजवळ सगळे म्हणाले, अ आणि 4. चूक. वाईट वाटून घेऊ नका, वेसनच्या प्रयोगात विद्यापीठातले बहुसंख्य विद्यार्थीही चुकले होते. बरोबर उत्तर: अ आणि 7. कारण 4 च्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही. व्यंजनाच्या मागे सम संख्या असू नये, असे नियम म्हणतच नाही. पण 7 च्या मागे स्वर निघाला, तर नियम मोडला.

पोरं हिरमुसली. मग आम्ही कोडे बदलले. तुम्ही एसटीचे कंडक्टर आहात. समजा बसमध्ये एवढा एकच नियम आहे: अर्धे तिकीट असेल, तर वय 65 किंवा जास्त हवे. चार प्रवासी आहेत. पहिल्याच्या हातात अर्धे तिकीट आहे, वय माहीत नाही. दुसऱ्याकडे पूर्ण तिकीट आहे. तिसरा 70 वर्षांचा दिसतोच आहे, तिकीट पाहिलेले नाही. चौथा तिशीतला, तिकीट पाहिलेले नाही. कुणाला तपासाल?

क्षणात उत्तर आले: पहिला आणि चौथा. म्हाताऱ्याने पूर्ण तिकीट काढले तर काढू द्या, त्यात गुन्हा काय?

पोरांनो, हे तेच कोडे आहे. अक्षर न अक्षर तेच. 'अ' म्हणजे अर्धे तिकीट, '7' म्हणजे तिशीतला माणूस. 1982 साली अमेरिकेत ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी बिअर पिणाऱ्यांच्या वयाचा नियम घेऊन असाच बदल केला, तेव्हा तिथल्याही बहुतेक विद्यार्थ्यांना उत्तर लगेच सापडले. असे का होते यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण एवढे नक्की की तोच तर्क ओळखीच्या रूपात आला की जमतो आणि परक्या रूपात आला की अडतो. म्हणजे अडचण डोक्यात नव्हती, ओळखीत होती. ज्या घरात जेवणाच्या ताटावर कोडी घातली जातात, तिथल्या मुलाची ही ओळख आठव्या वर्षी होते. ज्या घरात आईबाप बारा तास राबून येतात, तिथे कोडे घालायला फुरसत कुणाला? मग पेपरात दिसणाऱ्या त्या फरकाला 'मेरिट' म्हणायचे!

फुरसतीबद्दल बाबासाहेबांनी ठामपणे लिहिले आहे. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीवादावर टीका करताना 1945 च्या ग्रंथात त्यांचा मुद्दा हाच होता की फुरसतीशिवाय माणसाला सुसंस्कृत जीवन नाही, आणि यंत्रे ती फुरसत देऊ शकतात. फुरसत, खेळ, निरर्थक वाटणाऱ्या प्रश्नावर अर्धा तास घालवण्याची चैन ही पिढ्यान्‌पिढ्या काही जणांचीच मिरासदारी राहिली. आपल्या वाट्याला कष्ट आले आणि आता चळवळीतही फक्त दुःख आणि निषेधच यावा? वडापावावर हसणारी पोरं चळवळ सोडून जात नव्हती. ती आपला हक्क वापरत होती.

पण प्रत्येक 'समजा' निरागस नसतो

याचा अर्थ कुणीही "समजा" म्हटले की आपण भुलायचे, असा नाही. एक कोडे आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी घातले गेले आहे: "समजा तुझ्या आईचं ऑपरेशन आहे. एक डॉक्टर मेरिटवाला, एक आरक्षणातला. कुणाकडे नेशील?" आपली पोरं इथे चिडतात, नाही तर गप्प होतात. दोन्ही नको. कोड्याचे सुटे भाग करा, नागसेनांच्या रथासारखे.

पहिला भाग: प्रवेशाचे गुण म्हणजेच शस्त्रक्रियेचे कौशल्य, असे गृहीत धरले आहे. पण डॉक्टरची पदवी प्रवेशावर मिळत नाही. पुढच्या सगळ्या परीक्षा सर्वांना त्याच असतात. दुसरा भाग: कोड्यात दोनच डॉक्टर आहेत. भरमसाट फी भरून मॅनेजमेंट कोट्यातून आलेला तिसरा डॉक्टर कुठे गेला? त्याला कोड्यातून कुणी आणि का काढले? तिसरा भाग: दवाखान्यात गेल्यावर कुणी कधी डॉक्टरची प्रवेश परीक्षेची गुणपत्रिका मागितली आहे का?

आणि चौथा. त्यांना सांगा, आमच्याकडे याच विषयावरचे खरे घडलेले कोडे आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ते नोंदवले आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 1929 साली 'यंग इंडिया'त आले होते. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. तिला वस्तीबाहेर आणल्यावर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. परत येतानाही तोच क्रम. डॉक्टरने तिला हात लावून तपासले नाही. ती वाचली नाही.

आता सांगा, त्या डॉक्टरच्या मेरिटचे काय करायचे? आणि एका हातातून गेलेला थर्मामीटर बाटत नाही, मग तीन हातांतून परत आलेला कसा चालला? हे 'समजा' नाही. हे झालेले आहे.

आमची कसोटी एवढीच आहे. कोडे घालणारा उत्तर ऐकून स्वतःचे मत बदलायला तयार आहे का? असेल तर तासभर बसा. नसेल तर ते कोडे नाही, सापळा आहे. त्याचे भाग मोकळे करून त्याच्या हातात द्या आणि पुढे चला.

बाण लागलेल्या माणसाची गोष्ट

आमच्या ज्येष्ठांनी नंतर एक रास्त हरकत घेतली. ते म्हणाले, "तथागतांनीच निरर्थक प्रश्न बाजूला ठेवले होते. मालुंक्यपुत्ताला त्यांनी काय सांगितलं ते विसरलात का?" नाही विसरलो. जग शाश्वत आहे की नाही, याचे उत्तर मिळाल्याशिवाय मी धम्म पाळणार नाही, असे मालुंक्यपुत्त म्हणाला. तथागतांनी सांगितले: समजा एखाद्याला विषारी बाण लागला आणि तो म्हणाला, मारणारा कोण, कुठल्या वर्णाचा, उंच की ठेंगणा, धनुष्य कसले हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, तर उत्तरे मिळण्याआधीच तो मरेल.

पण नीट पाहा. तथागतांनी त्याला "गप्प बस" म्हणून उठवले नाही. आणि उत्तर दिले तेही "समजा" म्हणूनच! काल्पनिक प्रश्नाची मर्यादा त्यांनी एका काल्पनिक प्रश्नानेच दाखवली. त्यांनी नाकारले ते प्रश्न विचारणे नव्हे, प्रश्नाच्या आड बाण तसाच ठेवणे. तळ्याच्या पाण्याचे लिटर मोजणारी मुलगी बाण ठेवत नव्हती. ती बाण काढायलाच शिकत होती.

आपल्यावर वेळ आली तेव्हा

परीक्षा इतरांना प्रश्न विचारण्यात नसते. एका रविवारी त्याच वडापाववाल्या पोराने विचारले, "काका, समजा बाबासाहेब आत्ता आपल्या वर्गात आले आणि म्हणाले, माझं अमुक एक जुनं मत मला आता पटत नाही. तर आपण कुणाचं ऐकायचं? पुस्तकातल्या बाबासाहेबांचं की समोरच्या?"

विहारात शांतता. ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमच्याही पोटात गोळा आला. फुले-आंबेडकरांचे प्रश्न दुसऱ्यांच्या श्रद्धेला लावताना आम्हाला मजा येत होती. आता प्रश्न आमच्या दारात आला होता. "असले प्रश्न विचारायचे नसतात," हे वाक्य आमच्या जिभेवर आले होते. पण ते वाक्य कुणाचे आहे, हे आठवले आणि आम्ही ते गिळले. म्हटले, पुढच्या रविवारी शोधून येतो.

शोधताना जे सापडले ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच बाबासाहेबांनी बौद्ध परंपरेला प्रश्न विचारले आहेत. म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे परंपरा सांगते. बाबासाहेब विचारतात, तेव्हा त्यांचे वय 29 होते. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही म्हातारा, एकही आजारी, एकही प्रेत पाहिले नव्हते, हे कसे शक्य आहे? चाळीतल्या कुठल्याही पोराला सुचेल असा हा प्रश्न आहे. तो त्यांनी आपल्याच धम्माला विचारला आणि उत्तर शोधले. आत्मा नाही, तर पुनर्जन्म कुणाचा, हेही त्यांनी तिथेच विचारले आहे. प्रश्न विचारल्याने त्यांची श्रद्धा ढासळली नाही. त्यांचा धम्म त्या प्रश्नांतून गाळून आलेला आहे.

आणि त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर? तेही बाबासाहेबांनी देऊन ठेवले होते. 1955 साली भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिताना आपली मते आधीच्या मतांशी जुळत नाहीत, असे कुणी म्हणेल हे त्यांना ठाऊक होते. प्रस्तावनेत त्यांनी साफ सांगितले की केवळ सुसंगत दिसण्यासाठी विचार करणारा माणूस जुन्या मताला बांधून घेत नाही. म्हणजे पुस्तकातले बाबासाहेबच सांगतात, समोरच्याचे ऐका. पण तोही कारण देईल तरच. हे पुस्तक आमच्या विहाराच्या कपाटात अनेक वर्षे होते. एका 'फालतू' प्रश्नाने ते आम्हाला उघडायला लावले.

म्हणून विहारे, वसतिगृहे आणि अभ्यासिका चालवणाऱ्या सर्व साथींना आमचे सांगणे आहे. वर्गात अर्धा तास या प्रश्नांना द्या. वाटेल ते विचारू द्या. मात्र उत्तरासोबत कारण मागा, आणि कारण चुकले तर माघार घ्यायची सवय लावा, आधी स्वतःला. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. ज्याला प्रश्न विचारताना मोठ्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजाव्या लागतात, तो यातले पहिले काम तरी कसे करणार?

त्या दिवशी न सुटलेला एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. परवा चहाच्या वेळी आमचे ज्येष्ठच हळूच म्हणाले, "माझं म्हणणं, चटणी लागलेली आहे तोवर तो वडापावच." पोरं त्यांच्यावर तुटून पडली. वाद चालू आहे. तुमचे मत काय? कारणासह सांगा.

जय भीम!